पिंजऱ्यातला उक्ता मजूर

गंगाखेडच्या दक्षिणेला बालाघाटाची डोंगररांग सुरू होते, आणि त्या डोंगरपट्ट्यातल्या वाड्या नि तांडे दसरा-दिवाळीनंतर रिकामे होऊ लागतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. मुकादमाकडून घेतलेली उचल अंगावर असते. पश्चिम महाराष्ट्रातल्या किंवा कर्नाटकातल्या एखाद्या कारखान्याच्या उसाच्या फडात पुढचे चार-पाच महिने ती उचल टनाटनाने फेडायची असते. श्रमाची ही विक्री इतकी जुनी आणि इतकी उघड आहे की तिच्याकडे पाहण्याचे कष्टही आता कोणी घेत नाही.

याच भागातल्या तरुणांपुढे अलीकडे अंगमेहनतीचा दुसरा एक बाजार मांडला जात आहे. त्यात कोयता नाही, पाचट नाही. झगमगाट आहे, संगीत आहे, डॉलरचे आकडे आहेत. कुस्तीची पकड, मुष्टियुद्धाचे ठोसे, ज्युदोची फेक, थायलंडच्या लाथा आणि ब्राझीलची जमिनीवरची झटापट यांचे मिश्रण करून जाळीच्या अष्टकोनी पिंजऱ्यात दोन माणसांना झुंजविणारा हा धंदा ‘मिक्स्ड मार्शल आर्ट्स’ या नावाने ओळखला जातो. मोबाईलच्या पडद्यावरून तो तालमीतल्या पोरापर्यंत येऊन पोहोचला आहे. जत्रेतले इनाम आणि मानाची गदा यांत आता काही राम उरला नाही, अंगात रग असेल तर पिंजऱ्यात ‘करिअर’ आहे, असे त्याला सांगितले जाते.

या धंद्याविषयी दोनच सूर कानी पडतात. एक सूर नाक मुरडणाऱ्यांचा: हा रानटीपणा आहे, तो बंद करावा. दुसरा सूर भाट-चारणांचा: पाहा, गरिबाच्या पोराने मनगटाच्या जोरावर जग जिंकले. पिंजऱ्यात उतरणारा हा माणूस कोणाचा नोकर आहे, त्याच्या रक्ताचा दाम कोण ठरवतो, आणि हात मोडला तर दवाखान्याचे बिल कोणाच्या नावावर पडते, हे मात्र दोन्ही पक्ष विचारत नाहीत. हे प्रश्न विचारू गेले की एक विलक्षण सत्य समोर येते. जगातल्या सर्वांत श्रीमंत पिंजऱ्यात लढणारा मल्ल, कामगार म्हणून विचार केला तर, गंगाखेडच्या ऊसतोड मजुराच्याही एक पाऊल मागे उभा आहे.

पैसा कोणाचा?

या धंद्यावर ज्या एका अमेरिकी कंपनीची जवळजवळ मक्तेदारी आहे तिचे नाव अल्टिमेट फायटिंग चॅम्पियनशिप, म्हणजेच यूएफसी. तिची पहिली झुंज नोव्हेंबर १९९३ मध्ये डेन्व्हर येथे झाली. २००१ साली ही कंपनी अवघ्या २० लाख डॉलरना विकली गेली. २०१६ साली तीच सुमारे ४०० कोटी डॉलरना विकली गेली. ऑगस्ट २०२५ मध्ये तिच्या लढतींच्या प्रक्षेपणाचे हक्क सात वर्षांसाठी ७७० कोटी डॉलरना देण्याचा करार जाहीर झाला. पिंजरा तोच, जाळी तीच, माणसाचे नाक मोडल्यावर होणारी वेदनाही तीच. फुगला तो फक्त मालकाचा गल्ला.

या गल्ल्यातले लढणाऱ्याच्या पदरात किती पडते? डिसेंबर २०१४ मध्ये काही लढवय्यांनी या कंपनीवर अमेरिकेच्या न्यायालयात मक्तेदारीविरोधी दावा लावला. त्या दाव्याच्या ओघात जी कागदपत्रे उघड झाली त्यांवरून जगाला कळले की कंपनीच्या उत्पन्नातला जेमतेम पाचवा हिस्सा लढणाऱ्यांच्या वाट्याला येतो. त्याच अमेरिकेत व्यावसायिक बास्केटबॉल खेळणाऱ्यांना उत्पन्नाचा निम्मा वाटा मिळतो. बास्केटबॉलपटूंचे रक्त अधिक तांबडे आहे असे नव्हे. त्यांची संघटना आहे, ती मालकांशी सामुदायिक करार करते, आणि वेळ पडली तर खेळ बंद पाडते. पिंजऱ्यातल्या मल्लांना अशी संघटना उभी करता आलेली नाही. जे प्रयत्न झाले ते टिकले नाहीत.

त्या दाव्यात ३३ कोटी ५० लाख डॉलरची तडजोड पुढे आली तेव्हा न्यायाधीशांनी जुलै २०२४ मध्ये ती फेटाळली. अखेर ३७ कोटी ५० लाख डॉलरच्या तडजोडीला फेब्रुवारी २०२५ मध्ये अंतिम मंजुरी मिळाली. हजाराहून अधिक लढवय्यांमध्ये ही रक्कम वाटली जायची होती. दहा वर्षे कज्जा लढून घामाचा जो मोबदला मिळाला, त्याच्या वीसपट रक्कम मालकाने त्याच वर्षी एका प्रक्षेपण करारात मिळवली. ज्यांना या धंद्यात गरिबाचा उद्धार दिसतो त्यांनी हे दोन आकडे शेजारी शेजारी मांडून पाहावेत.

हजेरी आणि जिंकणे

नव्याने घेतलेल्या लढवय्याच्या कराराची रीत मोठी बोलकी आहे. दहा-बारा हजार डॉलर पिंजऱ्यात उतरण्याचे, आणि जिंकला तर तितकेच आणखी. म्हणजे अर्धी मजुरी हजेरीची आणि अर्धी जिंकण्याची. दोघांनी सारखाच घाम गाळला, सारखेच ठोसे खाल्ले, तरी हरणाऱ्याच्या हाती अर्धेच पैसे पडणार. वर्षाकाठी दोन-तीन लढती मिळाल्या तर नशीब. त्या पैशातून शिक्षकाचा वाटा, व्यवस्थापकाचा वाटा, सरावगृहाचे शुल्क आणि कर वजा करायचा. उरेल त्यात वर्षभराचा खुराक. कराराच्या कागदावर हा माणूस ‘स्वतंत्र कंत्राटदार’ असतो. कंत्राटदार हा शब्द ऐकला की डोळ्यांपुढे जीप आणि सोन्याची साखळी येते. येथे मात्र ज्याच्या अंगावर चड्डीशिवाय काही नाही तो कंत्राटदार, आणि अब्जावधींचे हक्क विकणारा केवळ ‘आयोजक’!

या पिंजऱ्यात महाराष्ट्राचाही पाय पडलेला आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये शांघाय येथे मुंबईचा भारत खंडारे यूएफसीच्या लढतीत उतरला. कुस्तीतून आलेला हा मल्ल; भारतात घडून तेथवर पोहोचलेला पहिला. समोर चीनचा सोंग यादोंग होता, ज्याने तोवर वयाची विशीही गाठलेली नव्हती. पहिल्याच फेरीत मानेला फास बसला आणि खंडारे हरला. यूएफसीत त्याची दुसरी लढत झाली नाही. उत्तराखंडचा अंशुल जुबली २०२३ साली निवड स्पर्धा जिंकून या कंपनीत गेला. फेब्रुवारी २०२५ मध्ये सिडनीतली त्याची लढत १९ सेकंदांत संपली. उत्तर प्रदेशातल्या मुझफ्फरनगर जिल्ह्याची पूजा तोमर हिने जून २०२४ मध्ये लुईव्हिल येथे विजय मिळवला. या पिंजऱ्यात जिंकलेली ती पहिली भारतीय. या तिघांच्याही धैर्याला कमीपणा आणण्याचे कारण नाही. उलट त्यांच्या धैर्याकडे नीट पाहिले की त्यांच्यावरचा अन्याय अधिक स्पष्ट होतो.

१९ सेकंदांची लढत ही १९ सेकंदांची मजुरी असते काय? तिच्यामागे कित्येक महिन्यांचा सराव असतो. पहाटेची धाव, जोडीदाराशी रोजची झटापट, दुखावलेल्या खांद्यावर बांधलेली पट्टी, तोलूनमापून खाल्लेले अन्न असते. या साऱ्या श्रमाची नोंद मालकाच्या वहीत कोठेही नाही. मालक विकत घेतो ती फक्त शेवटची काही मिनिटे. ऊस तोडणाऱ्याचेही असेच आहे. त्याला टनाचा दर मिळतो. गाडीची वाट पाहत फडाच्या बांधावर काढलेली रात्र, मोळ्या डोक्यावर घेऊन चढलेली फळी, पाण्यासाठी केलेली पायपीट ही टनात मोजली जात नाही. उक्त्या कामाचे तत्त्व सर्वत्र एकच असते: श्रम सारा मजुराचा, मोजदाद मालकाची.

मुकादम आणि आयोजक

साखर कारखान्याने ऊसतोड मजुराला आपला कामगार कधी मानले नाही. कारखान्याचा करार वाहतूकदाराशी, वाहतूकदाराचा मुकादमाशी, आणि मुकादमाचा व्यवहार मजुराशी. जबाबदारी या साखळीत कोठेतरी हरवते. मजूर आजारी पडला तर खाडा त्याच्याच खात्यावर. या खाड्याच्या धाकाने माणसाचे शरीर कोणत्या थराला नेले जाते हे २०१९ साली महाराष्ट्राने पाहिले. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांनी कामात खंड पडू नये म्हणून गर्भाशये काढून घेतल्याचा प्रश्न तेव्हा विधिमंडळात गाजला आणि सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. मजुरीच्या करारात ‘शरीर’ हा शब्द कोठेही नव्हता, आणि तरी गहाण पडले होते ते शरीरच.

तरीसुद्धा ऊसतोड मजुराने एक गोष्ट मिळवलेली आहे. कोयता बंद ठेवला तर कारखान्याचे धुराडे पेटत नाही, हे त्याला कळले आहे. संपाच्या हत्याराने त्याच्या संघटना साखर संघाशी करार करतात. जानेवारी २०२४ च्या करारात तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ निर्माण झाले आणि गाळपाच्या प्रत्येक टनामागे कारखान्यांकडून १० रुपये त्यासाठी घेण्याचे ठरले. हे पुरेसे नाही. महामंडळाचा कारभार मजुराच्या खोपीपर्यंत किती पोहोचला याचा हिशेब मागितलाच पाहिजे. पण कागदावर का होईना, तो ‘कामगार’ झाला. त्याच्या दराची वाटाघाट होते, त्याच्यासाठी उपकर बसवला जातो, त्याच्या मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावाने वसतिगृहांची योजना होते.

पिंजऱ्यातल्या मल्लाला यातले काय आहे? दराची वाटाघाट नाही, संप नाही, उपकर नाही, महामंडळ नाही. प्रत्येक जण एकटा, आणि प्रत्येकाच्या मागे त्याची जागा घ्यायला दहा जण उभे. देशी आयोजकांची गत तर त्याहून वाईट. मार्च २०१२ मध्ये मुंबईत अंधेरीच्या क्रीडासंकुलात एका सिनेनटाने आणि एका धनिकाने ‘सुपर फाइट लीग’ नावाची झुंजांची मालिका मोठ्या गाजावाजाने सुरू केली. परदेशी पैलवान आणले, नाच-गाणी झाली. काही वर्षांत तो खेळ बंद पडला. मालकाला एक धंदा बसला की दुसरा काढता येतो. ज्याने उमेदीची पाच वर्षे आणि दोन गुडघे त्यात घातले त्याने काय काढावे?

झीज कोणाच्या खाती?

या धंद्यातला सर्वांत मोठा धोका डोळ्यांना दिसत नाही. फुटलेली भुवई टाक्यांनी सांधते, पण मेंदूला बसणारे हादरे साठत जातात, आणि त्यांची वसुली मालक विसरून गेल्यावर वीस वर्षांनी होते. तेव्हा ना प्रक्षेपण असते, ना करार. त्यातच वजन उतरविण्याची अघोरी रीत. खालच्या वजनगटात बसण्यासाठी लढतीच्या आदल्या दिवसांत अंगातले पाणी घामावाटे काढून टाकायचे, तोंडाला कोरड पडेपर्यंत उपाशी राहायचे, आणि वजन झाले की पुन्हा पाणी पिऊन उभे राहायचे. डिसेंबर २०१५ मध्ये मनिला येथे यांग जियानबिंग हा चीनचा २१ वर्षांचा लढवय्या असे वजन उतरविताना मरण पावला. तो पिंजऱ्यापर्यंत पोहोचलाच नाही. त्या मृत्यूनंतर संबंधित कंपनीने शरीरातल्या पाण्याच्या तपासणीचे नियम आणले. म्हणजे नियम करता येत होते. त्यासाठी एक माणूस मरावा लागला. ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिसला १०० ग्रॅम वजनासाठी विनेश फोगाटची अंतिम कुस्ती हुकली तेव्हा सारा देश हळहळला. पण तिने आदल्या रात्रभर शरीराचे काय केले असेल याची चर्चा त्या मानाने फारच थोडी झाली.

आणि हा सारा धोका परदेशातच आहे असेही नाही. जुलै २०२२ मध्ये बंगळूरू येथे किकबॉक्सिंगच्या एका सामन्यात डोक्याला मार लागून म्हैसूरचा एक तरुण दगावला. सामन्याच्या जागी वैद्यकीय सोय नव्हती असा आरोप घरच्यांनी केला आणि पोलिसांनी आयोजकावर गुन्हा नोंदवला. अमेरिकेत निदान राज्याराज्यांचे क्रीडा आयोग आहेत. ते लढवय्यांना परवाना देतात, डॉक्टर बसवतात, बेशुद्ध पडलेल्याला ठरावीक काळ लढू देत नाहीत. येथे व्यावसायिक झुंजांसाठी अशी वैधानिक यंत्रणा नाही. सभागृह भाड्याने घ्यावे, जाळी उभारावी, तिकिटे विकावीत. जत्रेतल्या पाळण्यासाठीही यापेक्षा अधिक परवानग्या लागतात.

बंदीवाल्यांना एक प्रश्न

मग हा रानटी प्रकार बंदच का करू नये, असे सुस्थित वर्गातून विचारले जाते. या प्रश्नाला चीनमध्ये एक उत्तर मिळालेले आहे, आणि ते विचार करायला लावणारे आहे. २०१७ साली चेंगडू शहरातल्या एका क्लबची चित्रफीत गाजली. डोंगराळ आणि दरिद्री लियांगशान भागातली अनाथ मुले तेथे ठेवली होती, आणि चौदा वर्षांच्या आसपासची पोरे पिंजऱ्यात एकमेकांशी लढत होती. देशभर संताप उसळला, चौकशी झाली, मुलांना गावी परत पाठवण्यात आले. त्या मुलांचे म्हणणे काय होते? क्लबात मांस आणि अंडी मिळतात, घरी बटाट्यांवर दिवस काढावे लागतात. आम्हांला परत जायचे नाही.

मुलांना पिंजऱ्यात घालणाऱ्यांचे समर्थन होऊच शकत नाही. पण ज्यांनी त्यांना पिंजऱ्यातून काढून पुन्हा बटाट्यांकडे धाडले आणि आपले कर्तव्य झाले असे मानले, त्यांची सदसद्विवेकबुद्धी फार स्वस्तात शांत झाली म्हणायची. गंगाखेडच्या डोंगरपट्ट्यातल्या तरुणाने पिंजऱ्याकडे पाहू नये असे ज्यांना वाटते त्यांनी आधी सांगावे की त्याने पाहावे कोणीकडे? कोयत्याकडे? पुण्याच्या बांधकामावरच्या पत्र्याच्या खोलीकडे? गोदावरी अंगणातून वाहते आणि तरी डोंगरावरची शेती पावसाच्या भरवशावर. नोकरीची जाहिरात निघते आणि परीक्षा रखडते. अशा ठिकाणी माणूस शेवटी जे उरते ते विकायला काढतो, आणि उरते ते अंग. रानटी काही असेल तर अंगाशिवाय दुसरे काही विकायला न ठेवणारी व्यवस्था रानटी आहे.

मातीचे भाबडे गोडवे

दुसरीकडे जुन्या कुस्तीचे गोडवे गाणारे आहेत. लाल माती, हलगीचा कडकडाट, वस्तादाचा दरारा, काटाजोड कुस्ती. पिंजऱ्याने हे सारे गिळले, असे ते म्हणतात. शाहू महाराजांच्या काळात उभे राहिलेले कोल्हापूरचे खासबाग मैदान हे महाराष्ट्राचे भूषण आहे यात शंका नाही. गावच्या जत्रेत रेवड्यांवर लागणारी पोरांची पहिली कुस्ती ही लोकांच्या वर्गणीतून उभी राहिलेली खरी क्रीडाशाळा होती. पण मातीनेही मल्लाला जपले असे म्हणता येत नाही.

खाशाबा जाधवांचीच कथा पाहावी. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल १९४८ साली लंडनला सहावा आला. १९५२ साली हेलसिंकीला जाण्यासाठी पैसे उभे करताना राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर ७,००० रुपयांना गहाण टाकले. स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक असे एका शिक्षकाच्या गहाण घरावर उभे आहे. १९५५ साली खाशाबा पोलिसांत उपनिरीक्षक झाले, १९८४ साली अपघातात गेले, आणि अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला तो २००० सालचा, मरणोत्तर. अधिकृत महासंघांच्या छत्राखाली सारे आलबेल असते असे मानणाऱ्यांनी २०२३ साल आठवावे. कुस्ती महासंघाच्या तत्कालीन अध्यक्षांवर लैंगिक छळाचे आरोप करून देशाच्या नामवंत महिला मल्ल दिल्लीत जंतरमंतरवर बसल्या आणि पोलिसांनी त्यांना रस्त्यावरून फरफटत नेले.

तरी खाशाबांच्या आयुष्यात एक गोष्ट होती जी पिंजऱ्यातल्या मल्लाच्या आयुष्यात नाही. त्यांना महिन्याचा पगार होता. शासनाने २००५ साली खेळाडूंसाठी नोकरीत ५ टक्के आरक्षण ठेवले त्यामागेही हेच सूत्र होते: अंग थकल्यावर माणूस उघड्यावर पडू नये. २०२५ साली आशियाई संघटनेने मिक्स्ड मार्शल आर्ट्सचा समावेश २०२६ च्या आयची-नागोया येथील स्पर्धांत केला. आता पदकांची स्वप्ने पडू लागतील आणि फलक झळकतील. फलकावरच्या मल्लाच्या हाती करार काय आहे हा प्रश्न त्या वेळी विसरला जाऊ नये.

माथाडीचा धडा

उपाय परदेशातून आणायची गरज नाही. महाराष्ट्राच्या कष्टकऱ्यांनी तो अर्धशतकापूर्वीच शोधून ठेवला आहे. पाठीवर ओझे वाहणारा हमाल आज एका व्यापाऱ्याकडे, उद्या दुसऱ्याकडे. त्याचा मालक कोण हे कोणालाच सांगता येत नव्हते, म्हणून त्याला भविष्यनिर्वाह निधी नाही, रजा नाही, दवाखाना नाही. १९६९ च्या माथाडी कायद्याने या कोड्याची उकल केली. मालक कोणीही असो, कामगाराची नोंद मंडळाकडे. मालकाने मजुरी आणि तिच्यावरची आकारणी मंडळात भरायची. मंडळात मालक, कामगार आणि सरकार असे तिघे बसणार. अनेक मालकांच्या दारी फिरणाऱ्या उक्त्या मजुराला कायद्याच्या छायेत आणणारी ही योजना आहे. पिंजऱ्यातला मल्ल याहून वेगळा आहे काय? तोही पाठीवर ओझेच वाहतो. फक्त ते ओझे दुसऱ्या माणसाचे असते.

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. पैसे घेऊन झुंजा भरविणाऱ्या प्रत्येक आयोजकाची नोंदणी सक्तीची असावी आणि तिकीट व प्रक्षेपण यांच्या उत्पन्नावर आकारणी घेऊन माथाडीच्या धर्तीवर मल्लांचे मंडळ स्थापन व्हावे. मजुरीचा निम्मा भाग जिंकण्यावर टांगून ठेवणारी अट बेकायदा ठरावी. करार मल्लाच्या भाषेत असावा. डॉक्टर, रुग्णवाहिका आणि मेंदूची तपासणी यांवाचून लढत लागू नये. बेशुद्ध पडलेल्याला सक्तीची विश्रांती मिळावी आणि त्या काळाची भरपाई मंडळाने द्यावी. अठरा वर्षांखालच्या कोणालाही पैशासाठी पिंजऱ्यात उतरवणे हा गुन्हा असावा. सामाजिक सुरक्षा संहितेने ‘गिग’ कामगार नावाची नवी कोटी मान्य केलीच आहे. अन्न पोहोचविणाऱ्या पोराला जी व्याख्या लागू होते ती ठोसे खाणाऱ्याला का लागू होऊ नये?

आणि यापेक्षाही आधीची मागणी गावाची आहे. मराठवाड्याच्या अनुशेषाचा हिशेब दांडेकर समितीने १९८४ साली मांडला. रस्ते, सिंचन, वीज, शिक्षण, आरोग्य यांवर तेव्हापासून आजवर रणे माजली. तालमीपर्यंत ही भाषा पोहोचली नाही. गंगाखेडसारख्या प्रत्येक तालुक्याच्या गावी, ऊसतोड मजुरांच्या मुलांच्या वसतिगृहाला लागून, माती आणि गादी अशी दोन्ही असलेली तालीम हवी. तिच्या वस्तादाला मासिक वेतन हवे, पोरांना खुराक हवा, मुलींना वेळ आणि जागा हवी. ज्याच्या पोटात दूध आहे आणि हातात प्रमाणपत्र आहे तो पिंजऱ्याच्या दारात उभा राहिला तरी भाव करून उभा राहील. उपाशी माणूस भाव करीत नाही. त्याला मिळेल त्या उचलीवर अंगठा उठवावा लागतो.

गंगाखेड हे जनाबाईंचे गाव. दुसऱ्याच्या घरी दळणकांडण करण्यात त्यांचे आयुष्य गेले. त्यांच्या श्रमाला त्या काळी सेवा म्हटले गेले, मजुरी म्हटले गेले नाही. त्या श्रमाची आठवण आज सात शतकांनंतर उरली आहे ती त्या घराच्या दानतीमुळे नव्हे. जात्यापाशी बसलेल्या बाईने स्वतःच्या कष्टाला स्वतःची वाणी दिली म्हणून. कष्टकऱ्याची नोंद मालक ठेवत नसतो. ती त्याची त्यालाच ठेवावी लागते, आणि एकट्याने ठेवली तर ती पुसली जाते.

पिंजऱ्यात दोन मल्ल एकमेकांसमोर उभे केले जातात आणि त्यांना सांगितले जाते की समोरचा तुझा शत्रू आहे. ऊसतोड मजुरालाही एकेकाळी असेच सांगितले जात होते की शेजारच्या टोळीने कमी दरात कोयता लावला म्हणून तुझा भाव पडला. दोन टोळ्यांनी एकत्र बसून कोयते खाली ठेवले त्या दिवशी खरा प्रतिस्पर्धी कोण हे दिसले. पिंजऱ्यातले दोघे ज्या दिवशी एकमेकांकडे पाठ करून जाळीबाहेर बसलेल्याकडे पाहतील, त्या दिवशी या धंद्यातली पहिली निकाली कुस्ती होईल.